दुधाच्या लाइनसाठी स्टेनलेस पाइपचे टिग वेल्डिंग

दूध, ताक, टोमॅटोचा रस किंवा साखरेचा पाक ज्या पाइपातून वाहतो, त्या पाइपच्या जोडाकडून दोन अपेक्षा असतात. पहिली अशी की जोड गळू नये. ही अपेक्षा कोणताही बरा वेल्डर पूर्ण करतो. दुसरी अशी की जोडाची आतली बाजू मूळ पाइपइतकीच सलग आणि गुळगुळीत असावी, म्हणजे लाइन न खोलता तिच्यातून कॉस्टिक सोड्याचे आणि आम्लाचे द्रावण फिरवले की ती कानाकोपऱ्यापर्यंत धुतली जावी. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये मी बरीच वर्षे डेअरीची आणि खाद्यप्रक्रियेची पाइपिंग करत आणि करवून घेत आलो आहे, आणि या काळात जे जोड कापून फेकावे लागले, त्यांतले बहुतेक बाहेरून देखणे होते. म्हणून या लेखात बाहेरच्या बीडपेक्षा (वेल्डच्या दिसणाऱ्या पट्टीपेक्षा) आतल्या रूटबद्दल, म्हणजे वेल्डच्या पाइपच्या आतल्या बाजूबद्दल, जास्त लिहिले आहे. टिग मशीन (टंगस्टनच्या टोकावरून विजेचा आर्क पेटवून, आरगॉन वायूच्या आडोशाने धातू वितळवणारे) हाताळण्याचा सराव वाचकाला आहे, निदान एसएसच्या, म्हणजे स्टेनलेसच्या, पत्र्यावर त्याने हात बसवलेला आहे, असे गृहीत धरले आहे.

आतली बाजू का बिघडते

स्टेनलेसला सहसा गंज चढत नाही, याचे कारण त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर आपोआप तयार होतो आणि ओरखडा पडला तरी पुन्हा भरून येतो. वेल्डिंगच्या वेळी धातू वितळतो तेव्हा बाहेरच्या बाजूने टॉर्चमधला आरगॉन त्याला हवेपासून वाचवतो. आतल्या बाजूला मात्र, वेगळी तजवीज केली नसेल तर, साधी हवा असते आणि तिच्यात २१ टक्के ऑक्सिजन असतो. तापलेला रूट या हवेला उघडा पडला की काळा, खरबरीत, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दाणेदार थर फुलतो. त्याला शुगरिंग म्हणतात, आणि जळलेल्या साखरेची खरपूड कढईच्या तळाशी ज्याने पाहिली आहे त्याला हे नाव समजावून सांगावे लागत नाही.

डेअरीच्या पाइपच्या आतल्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा आरए ०.८ मायक्रॉनपेक्षा जास्त नसावा, असा दंडक आहे. जिवाणूचा आकार साधारण एक ते काही मायक्रॉन असतो. शुगरिंगच्या खाचा याच्या कितीतरी पट खोल असतात. त्यांत दुधातली प्रथिने आणि स्निग्धांश अडकतात, त्यावर जिवाणूंचा चिकट थर बसतो आणि त्या थराखाली धुण्याचे द्रावण पोहोचत नाही. शिवाय जळलेल्या थराखालच्या धातूतले क्रोमियम कमी झालेले असते, त्यामुळे पुढे नेमक्या त्याच जागी पिटिंग (बारीक खड्डे पाडणारा गंज) सुरू होते.

हे मला पुस्तकातून कळले नाही. काही वर्षांपूर्वी एका दूधप्रक्रिया केंद्रात साठवणटाकीकडे जाणारी दोन इंची लाइन आम्ही बसवली. शेवटचा जोड टाकीजवळच्या बेंडचा होता, संध्याकाळचे सात वाजून गेले होते आणि पर्जिंगच्या, म्हणजे पाइपच्या आत सोडायच्या आरगॉनच्या, सिलेंडरचा काटा खाली आला होता. आमचे जुने वेल्डर, ज्यांना शेडमधले सगळे मामा म्हणतात, म्हणाले, "भाऊ, सिलेंडर बदलून घेऊ का?" मी म्हणालो, "एकच राहिलाय मामा, होऊन जाईल." लाइन हायड्रो टेस्टला (पाण्याचा दाब देऊन गळती पाहण्याच्या चाचणीला) पास झाली, बिल निघाले. दोन महिन्यांनी त्या टाकीतल्या दुधाचे जिवाणूंचे मोजमाप वाढू लागले. केंद्राच्या लोकांनी गॅस्केट बदलली, कॉस्टिकची मात्रा वाढवली, धुण्याची वेळ वाढवली. शेवटी आम्ही तो जोड कापला. आत बोट फिरवले तर पाइपच्या तळाशी दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा भाग कानशीसारखा हाताला लागला, आणि त्यात आंबूस वासाचा पिवळट चिकटा भरलेला होता. चूक मामांची नव्हती, माझी होती; लाइन उघडून तो भाग नवा बसवून देण्याचा खर्चही मीच सोसला.

मालाची निवड आणि "दोन इंच" या शब्दाचा घोळ

साध्या दुधासाठी ३०४एल या प्रतीचे स्टेनलेस आणि जिथे मीठ किंवा क्लोराइड आहे तिथे ३१६एल घ्यावे. खारवलेले लोणी, लोणच्याचा खार, टोमॅटो सॉस यांच्या लाइनसाठी ३१६एलमधले २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम उपयोगी पडते, कारण ते पिटिंगला अटकाव करते. "एल" म्हणजे कार्बन ०.०३ टक्क्यांपर्यंतच. कार्बन जास्त असेल तर साधारण ४२५ ते ८५० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात तो क्रोमियम ओढून घेतो आणि वेल्डशेजारची धातूच्या कणांची सीमा उघडी पडते. चुंबक लावून ३०४ आणि ३१६ ओळखता येत नाहीत; इतकेच नव्हे, तर दोनशे मालिकेतले स्वस्त स्टेनलेसही चुंबकाला चिकटत नाही आणि ३०४ म्हणून खपवले जाते. म्हणून पाइपवर छापलेला हीट नंबर (धातूच्या एका ओतीचा क्रमांक) आणि टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर जुळल्याशिवाय माल उतरवून घेऊ नये. मॉलिब्डेनम आहे की नाही हे सांगणारे थेंबाचे किट बाजारात मिळते, ते प्रत्येक फिटरच्या पेटीत असावे.

मापाच्या बाबतीत नुसते "दोन इंच" म्हणून ऑर्डर देणे म्हणजे भांडणाला आमंत्रण आहे. एनबी (नाममात्र आतला व्यास) पद्धतीच्या दोन इंची पाइपचा बाहेरचा व्यास ६०.३ मिमी असतो, ओडी (बाहेरचा व्यास) पद्धतीच्या दोन इंची डेअरी पाइपचा ५०.८ मिमी, आणि डीआयएन या जर्मन पद्धतीच्या डीएन ५० चा ५३ मिमी. तिन्हींच्या फेरूल (पाइपच्या टोकाला जोडायची कडी), युनियन (खोलता येणारे जोड) आणि व्हॉल्व्ह एकमेकांना बसत नाहीत. बसवलेच तर आत पायरी तयार होते. ऑर्डरमध्ये नेहमी बाहेरचा व्यास आणि भिंतीची जाडी मिलिमीटरमध्ये लिहावी. या लेखातले आकडे ५०.८ मिमी व्यासाच्या, १.६५ मिमी भिंतीच्या, एएसटीएम ए२७० या अमेरिकी प्रमाणाच्या पाइपसाठी आहेत.

कापणे आणि जुळवणे

वेल्डरच्या कौशल्यावर जितका भर दिला जातो तितका फिटरच्या कौशल्यावर दिला जात नाही, आणि हा अन्याय आहे. १.६५ मिमी भिंतीचा पाइप फिलर (भरावाची तार) न घालता, दोन्ही तोंडे एकमेकांना टेकवून, नुसत्या आर्कने वितळवून जोडायचा असतो. फट शून्य हवी. कागदाचा तुकडा जाईल इतकी फट राहिली तरी तिथे धातू कमी पडतो, रूट खचतो आणि आरगॉन तिथूनच निसटतो.

तोंड काटकोनात येण्यासाठी पाइपभोवती फिरून कापणारा ऑर्बिटल कटर सर्वांत चांगला. तो नसेल तर बँड सॉवर कापून नंतर फेसिंग टूलने तोंड सरळ करावे. एमएस (साधे पोलाद) कापणाऱ्या चॉप सॉवर, त्याच चाकाने, स्टेनलेस कापू नये. चाकात बसलेले लोखंडाचे कण पाइपमध्ये रुततात आणि पंधरा दिवसांत तांबूस ठिपक्यांच्या रूपाने वर येतात. रोलर कटरने कापल्यास तोंड आत वळते, म्हणून तोही टाळावा. कापल्यावर आतली आणि बाहेरची बुरी (कडेला उरलेले कंगोरे) काढावी, मात्र कडेला उतार देऊ नये; कड चौकोनी आणि धारदारच राहिली पाहिजे. बुरी काढताना किस आत पडतो, म्हणून पाइप तोंड खाली करून धरावा, किंवा आत आधी स्वच्छ फडक्याचा बोळा दोरी बांधून सरकवावा. दोरी बांधायला विसरू नये. एका नव्या हेल्परने असा बोळा आत तसाच ठेवला होता, आणि तो पुढे पंपाच्या इंपेलरमध्ये सापडला.

जुळवल्यावर दोन पाइपांच्या भिंती एकमेकींपासून किती सरकल्या आहेत ते नखाने तपासावे. भिंतीच्या जाडीच्या १५ टक्क्यांपेक्षा, म्हणजे आपल्या पाइपसाठी पाव मिलिमीटरपेक्षा, जास्त सरक चालत नाही. बेंड किंवा टी थोडी लंबगोल असेल तर ती फिरवून सर्वांत चांगली जागा शोधावी, हातोडीने ठोकून गोल करू नये.

जोडाच्या दोन्ही बाजूंचा निदान २५ मिमी भाग, आतून आणि बाहेरून, अॅसिटोनमध्ये भिजवलेल्या पांढऱ्या फडक्याने पुसावा आणि फडके काळे होईनासे होईपर्यंत पुसत राहावे. क्लोरीन असलेले डिग्रीझर वेल्डिंगच्या जवळपासही ठेवू नयेत. त्यांच्या वाफेतून आर्कच्या उष्णतेने फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो. ब्रश स्टेनलेसच्या तारांचा हवा, आणि तो कधीही एमएसवर फिरलेला नसावा. आमच्या शेडमध्ये एसएसच्या ब्रशांच्या मुठींना पिवळा रंग दिला आहे, आणि पिवळी मूठ एमएसच्या टेबलावर दिसली की ज्याने ठेवली त्याने सगळ्यांना चहा पाजायचा.

मशीन, टंगस्टन, टॉर्च

इथे फार सांगण्यासारखे नाही. करंट डीसी, टॉर्च निगेटिव्हला. टंगस्टन १.६ मिमी किंवा २.४ मिमी, लँथॅनेटेड किंवा सिरिएटेड. लाल टोकाचे थोरिएटेड टंगस्टन सौम्य किरणोत्सर्गी असते आणि त्याची घासलेली धूळ फुफ्फुसात जाणे वाईट, त्यामुळे पर्याय असताना ते वापरू नये. टोक लांबीच्या दिशेने घासावे, आडवे घासल्यास आर्क भटकतो. टॉर्चला गॅस लेन्स (आरगॉनचा प्रवाह सरळ ठेवणारी जाळी) लावावी. टॉर्चमधून मिनिटाला ७ ते १० लिटर आरगॉन पुरे होतो. त्याहून जास्त सोडला तर प्रवाह घुसळतो आणि उलट हवा ओढून घेतो. टंगस्टन न टेकवता आर्क पेटवणारा हाय फ्रिक्वेन्सी स्टार्ट असावा, कारण घासून आर्क पेटवल्यास टंगस्टनचा कण वेल्डमध्ये राहतो. शेवटी करंट हळूहळू उतरवणारी सोय आणि ६ ते ८ सेकंदांचा पोस्ट फ्लो (आर्क विझल्यावरही वाहणारा आरगॉन) हवा.

पर्जिंग

पर्जिंग म्हणजे पाइपच्या आतली हवा आरगॉनने बाहेर काढून, वेल्ड होऊन थंड होईपर्यंत तिथे आरगॉनच ठेवणे. आरगॉन ९९.९९५ टक्के किंवा त्याहून शुद्ध घ्यावा. सिलेंडर शुद्ध असला तरी घरगुती रबरी नळीतून ओलावा आणि हवा झिरपते, त्यामुळे पर्जिंगची नळी चांगल्या पॉलियुरेथेनची, आखूड आणि बिनजोडाची असावी. श्रावणात बडोद्याची हवा इतकी दमट असते की रात्रभर शेडमध्ये पडलेल्या पाइपच्या आत सकाळी बाष्प धरलेले असते. अशा पाइपमधून आधी कोरडे फडके ओढावे आणि पर्जिंगला जास्त वेळ द्यावा.

किती वेळ द्यावा हे अंदाजाने ठरवू नये, हिशोब सोपा आहे. आपल्या पाइपचा आतला व्यास ४७.५ मिमी, म्हणजे एका मीटरमध्ये सुमारे पावणेदोन लिटर हवा मावते. नियम म्हणून या जागेच्या दहापट आरगॉन आत सोडावा. वीस मीटरची लाइन दोन टोकांना बूच लावून पर्ज करायची ठरवली तर सुमारे ३५० लिटर आरगॉन लागेल, आणि मिनिटाला ८ लिटर या दराने पाऊण तास जाईल. तेच जोडाच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा सेंटिमीटरवर आडबंध घातले तर मधल्या जागेत अर्धा लिटरच हवा राहते आणि मिनिटभरात काम होते. आडबंध सिलिकॉन रबराच्या चकत्यांचे असावेत; स्पंज वापरायचा तर तो जोडापासून आणखी लांब ठेवावा, कारण उष्णतेने जळून त्याचा धूर रूटवर बसतो. दोन्ही चकत्या वायररोपने जोडून, काम झाल्यावर एका टोकाने ओढून काढता येतील अशी रचना करावी.

आरगॉन हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड असतो. म्हणून पाइप उभा किंवा कलता असेल तर आरगॉन खालून सोडावा आणि हवा बाहेर जाण्याचे भोक वर ठेवावे. उलट केले तर वर हवेचा फुगा अडकून राहतो. टी किंवा व्हॉल्व्ह जवळ असेल तर त्याची फांदीही बंद करावी, कारण तिच्यात साठलेली हवा हळूहळू मुख्य पाइपमध्ये येत राहते. जोडावरून अॅल्युमिनियमची चिकटपट्टी गुंडाळावी आणि वेल्ड पुढे जाईल तशी ती सोलत जावी.

पर्ज झाला की नाही हे पाहण्यासाठी बरेच वेल्डर बाहेर पडणाऱ्या वायूपुढे लायटर धरतात आणि ज्योत विझली की काम सुरू करतात. ही सवय मोडायला हवी. ज्योत विझायला ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास उतरला तरी पुरते, म्हणजे दहा लाखांत एक लाख साठ हजार भाग; आपल्याला तो ५० भागांच्या आत, म्हणजे ५० पीपीएमखाली हवा असतो. त्यासाठी पीपीएममध्ये मोजणारा ऑक्सिजन मीटर लागतो. मीटर महाग आहे, हे खरे. परंतु वर सांगितलेल्या एका बेंडसाठी मला जो भुर्दंड बसला, त्यात तो सहज आला असता.

वेल्ड सुरू करण्याआधी आतला प्रवाह मिनिटाला २ ते ३ लिटरवर आणावा. आत दाब राहिला तर वितळलेला धातू बाहेर ढकलला जातो आणि रूट खोलगट होतो. हा धोका शेवटच्या दोन सेंटिमीटरमध्ये सर्वांत जास्त असतो, कारण तोपर्यंत फटीतून निसटणाऱ्या वायूची वाट बंद झालेली असते; बाहेर जाण्याचे भोक लहान असेल तर शेवटच्या ठिकाणी वितळलेल्या धातूचे डबके फुटून भोकच पडते. म्हणून बाहेर जाण्याची वाट आत येण्याच्या वाटेपेक्षा मोठी ठेवावी आणि दर जोडाला ती मोकळी आहे का ते गालाजवळ धरून पाहावे. वायूची हलकी झुळूक लागली पाहिजे.

लाइनमधला शेवटचा, दोन्हीकडून बंद होणारा जोड ही खरी परीक्षा असते, कारण तिथून चकत्या ओढून काढता येत नाहीत. त्यासाठी पाण्यात विरघळणारा कागद मिळतो. त्याचे आडबंध आत चिकटवून वेल्ड केले की पहिल्याच धुण्यात ते विरघळून वाहून जातात. त्याहून चांगला उपाय ड्रॉइंगवरच करावा: जास्तीत जास्त जोड शेडमध्ये टेबलावर, पाइप फिरवत करावेत, जागेवर करायचे जोड मोजकेच ठेवावेत, आणि अशा प्रत्येक जोडापासून हातभर अंतरावर एक क्लॅम्प युनियन ठेवावी. तिथून पर्जही करता येतो आणि नंतर आत कॅमेराही घालता येतो.

एक इशारा इथेच देतो. आरगॉनला वास नाही, रंग नाही, आणि तो खोलगट जागेत साठतो. टाकीच्या नोझलला पाइप जोडताना आरगॉन टाकीत जात असेल तर त्या टाकीत डोके घालून पाहू नये. ऑक्सिजन मोजून, हवा खेळती करून, बाहेर माणूस उभा ठेवूनच आत जावे. माणूस चक्कर न येताच बेशुद्ध होतो.

टॅक आणि वेल्ड

टॅक, म्हणजे पाइप जागी धरून ठेवणारे ठिपक्याएवढे वेल्ड, मारतानाही आत आरगॉन हवा. पर्ज न करता मारलेला टॅक आतून जळतो आणि नंतर त्यावरून कितीही चांगला वेल्ड गेला तरी तो काळा डाग पूर्णपणे वितळून जाईलच असे नाही. चार टॅक, समोरासमोर, फिलरशिवाय, जितके लहान जमतील तितके मारावेत.

करंट ४५ ते ६० अँपिअरच्या दरम्यान बसतो. नेमका आकडा त्याच पाइपच्या तुकड्यावर, त्याच दिवशी, जोड करून आणि तो उभा चिरून ठरवावा. आर्कची लांबी एक-दीड मिलिमीटर ठेवावी. डबके आधी फुगीर दिसते, मग आरपार वितळले की किंचित बसते आणि चकचकीत सपाट होते. तो क्षण ओळखून पुढे सरकावे. पाइप फिरवता येत नसेल तर तळापासून एका बाजूने वरपर्यंत, आणि पुन्हा तळापासून दुसऱ्या बाजूने वरपर्यंत यावे. फेरी पूर्ण झाल्यावर १० ते १५ मिमी पुढे जाऊन, करंट हळूहळू उतरवत आर्क विझवावा आणि पोस्ट फ्लो संपेपर्यंत टॉर्च जागचा हलवू नये. घाईने टॉर्च उचलला की शेवटच्या खड्ड्यात बारीक तडा राहतो.

फिलर शक्यतो लागू नये. फट राहिलीच, किंवा जाड फेरूलला पातळ पाइप जोडायचा असेल, तर ३०४एलला ईआर ३०८एल आणि ३१६एलला ईआर ३१६एल वापरावी. कधी कधी सगळे बरोबर असूनही आर्क एकाच बाजूला ओढला जातो आणि दुसरी कड न वितळता राहते. याचे कारण बहुधा गंधक असते. दोन वेगवेगळ्या हीटच्या मालात गंधकाचे प्रमाण वेगळे असले की वितळलेले डबके कमी गंधकाच्या बाजूला सरकते. सर्टिफिकेटवरचा गंधकाचा आकडा पाहावा, शक्यतो एकाच हीटचे पाइप जोडावेत, आणि नाइलाज असेल तर टॉर्च जास्त गंधकाच्या बाजूला किंचित झुकवावा.

आता पंख्याविषयी. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि वेल्डरला पंखा हवा असतो, हे रास्तच आहे. पण पंख्याची झुळूक टॉर्चचा आरगॉन उडवून लावते आणि बीडवर करडी राख दिसू लागते. आम्ही एसएसच्या टेबलाभोवती कापडी पडदे लावले, पंखा पडद्याबाहेर वेल्डरच्या पायांकडे वळवला, आणि उन्हाळ्यात जागेवरचे अवघड जोड सकाळी सात ते अकरा या वेळेत उरकायचे ठरवले. कामाचा वेग कमी झाला नाही.

जोड शेकड्यांनी असतील तर ऑर्बिटल मशीन परवडते. ते टंगस्टन पाइपभोवती ठरलेल्या वेगाने फिरवते आणि शंभरावा जोड पहिल्यासारखाच येतो. परंतु फिट-अप (जुळवणी) आणि पर्जिंग वाईट असेल तर ते शंभरही जोड सारख्याच निष्ठेने बिघडवते.

तपासणी आणि नंतरचे काम

दिवसाचा पहिला जोड नमुन्याचा करावा आणि कापून आत पाहावे. रंग चंदेरी किंवा फिकट गव्हाळ असेल तर पुढे जावे. निळा, तपकिरी किंवा करडा दिसला तर थांबावे आणि गळती शोधावी. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या एडब्ल्यूएस डी१८.२ या मार्गदर्शिकेत पाइपच्या आतल्या रंगाचे दहा नमुने दिले आहेत, १० पीपीएम ऑक्सिजनपासून २५,००० पीपीएमपर्यंत. त्याचा रंगीत तक्ता भिंतीवर लावला की वेल्डर आणि ग्राहकाचा इन्स्पेक्टर यांच्यातले निम्मे वाद मिटतात. प्रत्यक्ष लाइनमधले जोड बोअरस्कोपने (पाइपात घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) पाहावेत, त्यातही तळाची बाजू आणि शेवट जिथे जुळला ती जागा बारकाईने. जो आतून जळला आहे तो जोड कापून नवाच करावा. त्यावरून दुसरी फेरी मारल्याने शुगरिंग जात नाही, उलट वाढते.

बाहेरचा रंग पिकलिंग पेस्टने काढता येतो, परंतु तिच्यात हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते कातडीतून आत शिरते आणि वेदना कधी कधी काही तासांनी सुरू होते. योग्य हातमोजे, चेहऱ्यावर ढाल आणि जवळ कॅल्शियम ग्लुकोनेट जेल असल्याशिवाय डबा उघडू नये, आणि हे जेल लावल्यावरही डॉक्टरकडे जावेच. त्यानंतर पूर्ण लाइन आधी कॉस्टिकने धुऊन तेलकटपणा काढावा, मग ४ ते १० टक्के सायट्रिक आम्लाचे द्रावण ६० अंशांच्या वर तापवून फिरवावे. याला पॅसिव्हेशन म्हणतात. ते पृष्ठभागावरचे लोखंडाचे कण काढते. जळलेला रंग मात्र काढत नाही, ही गल्लत फार जण करतात.

लाइन चढवताना दर मीटरला एक सेंटिमीटर उतार द्यावा, म्हणजे ती आपोआप रिकामी होते. धुण्याच्या वेळी प्रवाहाचा वेग सेकंदाला दीड मीटर हवा. आपल्या पाइपसाठी याचा अर्थ तासाला साडेनऊ हजार लिटरहून थोडे अधिक, आणि पंप तेवढा देतो का हे ग्राहकाला आधीच विचारावे.

हायड्रो टेस्टसाठी बोअरचे पाणी वापरू नये. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार बरेच असतात, आणि टेस्ट झाल्यावर लाइन चालू व्हायला महिना लागला की तळाशी साठलेल्या पाण्यातले क्लोराइड नव्या जोडांना भोके पाडू लागते. डीएम (क्षार काढलेले) पाणी घ्यावे, टेस्ट होताच खालच्या टोकाचा ड्रेन उघडावा, तेलविरहित कोरडी हवा फडके कोरडे निघेपर्यंत फुंकावी आणि दोन्ही तोंडांना प्लास्टिकच्या टोप्या लावाव्यात. प्रत्येक जोडाचा क्रमांक, तारीख, वेल्डरची खूण, दोन्ही बाजूंचे हीट नंबर आणि पर्जचा पीपीएम आकडा ड्रॉइंगवर त्याच दिवशी लिहावा. पाइपवर खूण करायची असेल तर क्लोराइड नसलेल्या मार्करने, आणि वेल्डपासून चार बोटे लांब.